ग्लोब्युलिन ५.४ : कातडीच्या टी-सेल लिम्फोमात अँटीबॉडीचा एवढा ढीग लावला कुणी?

"मॅडम, आमच्या गावातल्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलंय म्हणून सांगितलंय, पण आण्णा तर दारूला कधी शिवलेले नाहीत," असं म्हणत मुलानं रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. लिव्हरचाच रिपोर्ट होता तो. मेथोट्रेक्सेट (आण्णांच्या कातडीच्या आजारावरची गोळी, लिव्हरला त्रास देऊ शकते) सुरू करायच्या आधी करून आणा म्हणून मीच सांगितलेला. बिलिरुबिन ०.६, एसजीपीटी २८, एसजीओटी ३१, म्हणजे लिव्हर बिचारं गपगुमान आपलं काम करत होतं. ठळक अक्षरात आलं होतं ते खाली, टोटल प्रोटीन ८.९, अल्ब्युमिन ३.५, ग्लोब्युलिन ५.४, एजी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) ०.६५. रेशो उलटा झाला की आपल्याकडे पहिला हात जातो लिव्हर टॉनिककडे, आणि आण्णांना त्याच्या दोन बाटल्या पाजूनही झाल्या होत्या.

आधी पेशंटबद्दल. वय, गाव, थोडे तपशील बदललेत, आणि खरं सांगायचं तर दोन पेशंटची हकिगत इथे एकात गुंफली आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. आण्णा तासगाव भागातले, वय ६३, द्राक्षबाग साडेतीन एकर. मी मिरज-सांगली पट्ट्यात स्किनची प्रॅक्टिस करते, आमच्याकडे द्राक्षवाले पेशंट रोजचेच, त्यामुळे अंगावर काहीही उठलं की "फवारणीची ॲलर्जी" हे निदान पेशंट घरूनच घेऊन येतात, आणि अर्ध्या वेळा ते बरोबरही असतं. आण्णांचं सात वर्षांपासून तेच चाललं होतं. मांड्यांवर, कुल्ल्यावर, कमरेला लालसर-तपकिरी चट्टे, बारीक खवले, रात्री खाज. कधी गजकर्ण म्हणून ट्यूब, कधी सोरायसिस म्हणून मलम, मध्ये सहा महिने पांढरट चट्टे बघून कुणीतरी कुष्ठरोगाची शंका काढली, तेव्हा घरात कसली शांतता पसरली असेल ते मुलाच्या आवाजात अजून ऐकू येत होतं. (कापसानं, टाचणीनं संवेदना तपासल्या, त्या शाबूत होत्या, नसा जाड नव्हत्या, स्मिअर निगेटिव्ह, तो विषय तिथंच मिटला.)

पण माझ्या डोक्यात पाल चुकचुकली ती चट्ट्यांच्या जागेमुळे. फवारणीची ॲलर्जी येते चेहरा, मान, हात, पाऊल, जिथं औषध उडतं तिथं. आण्णांचे हात आणि चेहरा साफ, आणि चट्टे सगळे चड्डी-बनियनच्या आत, जिथं मोरचूदही पोचत नाही आणि ऊनही नाही! उन्हापासून झाकलेल्या कातडीवर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा, मलमानं दबणारा आणि मलम सोडलं की परत येणारा चट्टा दिसला की मायकोसिस फंगॉइडिस हे नाव मनात यायला हवं. नावावर जाऊ नका, फंगसशी याचा काहीएक संबंध नाही. पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलच्या अलिबेरनं १८०६ मध्ये असा पेशंट बघितला, त्याच्या अंगावरच्या गाठी त्याला अळंब्यांसारख्या वाटल्या, तेच नाव पुढे चिकटलं. आहे तो कातडीत राहणाऱ्या टी-लिम्फोसाइटचा (टी-सेलचा, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा) कॅन्सर, बहुतेक वेळा अगदी सावकाश चालणारा.

बायॉप्सी तीन झाल्या. पहिली दुसरीकडे झालेली, क्रॉनिक डर्माटायटिस. दुसरी मी केली आणि मीच चुकले, कारण आण्णा तोपर्यंत क्लोबेटासॉल असलेलं ते तीन-चार औषधांचं मिश्रण मलम रोज चोळत होते आणि मी ते बंद करायला न सांगता तुकडा काढला. स्टेरॉइड लावलेल्या कातडीत लिम्फोसाइट दबून बसतात, पॅथॉलॉजिस्टला बिचाऱ्याला दिसणार काय? मग चार आठवडे सगळी मलमं बंद, नुसतं खोबरेल तेल, खाजेला गोळी, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून तुकडे. त्यात मात्र दिसलं, वरच्या थरात शिरलेले, वेड्यावाकड्या केंद्रकाचे लिम्फोसाइट, दोन-चार जागी त्यांची छोटी घरटी. या घरट्यांना पॉत्रिएचं नाव आहे पण पहिल्यांदा वर्णन केलं होतं दारिएनं, वैद्यकात अशा नावांच्या चोऱ्या भरपूर. पेशींवरच्या खुणा बघितल्या, सीडी३, सीडी४ पॉझिटिव्ह, सीडी७ गायब, टी-सेल रिसेप्टर जीनची टेस्ट क्लोनल, म्हणजे पेशी एकाच वंशातल्या. निदान पक्कं.

अंगाचा साधारण ४० टक्के भाग व्यापलेला, त्यात काही चट्टे जाड. जांघेत १.८ सेंटिमीटरची गाठ, ती काढून तपासली तर नुसती कातडीच्या त्रासानं सुजलेली निघाली, लिम्फोमा नाही. रक्तात फ्लो सायटोमेट्रीवर (खुणांवरून पेशी मोजायची टेस्ट) सीडी४ पॉझिटिव्ह सीडी२६ निगेटिव्ह, म्हणजे संशयित, पेशी मायक्रोलिटरमागे १८०, म्हणजे २५० च्या आत, सेझारी सिंड्रोम (याच्या जवळचा, रक्तात पसरणारा लिम्फोमा) नाही. सगळं मिळून स्टेज टू-ए. इथपर्यंत मी निवांत होते. यूव्हीबी लाइट (अतिनील किरणांचा उपचार), हप्त्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, आणि दर दोन महिन्यांनी भेटा असं सरळ काम.

आणि मग तो ग्लोब्युलिन.

आता गंमत बघा, अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, ग्लोब्युलिन या शब्दाखाली मात्र दहा ठिकाणचा माल एकत्र भरलेला असतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटीबॉडीचा. अँटीबॉडी बनवतात प्लाझ्मा सेल, त्या बनतात बी-सेलपासून. आण्णांचा आजार टी-सेलचा! म्हणजे चोरी एका घरात आणि मुद्देमाल दुसऱ्याच घरात सापडतोय. याच एका प्रश्नासाठी ही केस लिहायला बसले.

साध्या सीबीसीतच खरं तर इशारा होता आणि तो आम्ही सगळ्यांनी वाचून सोडून दिला होता. ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात) ९२. इओसिनोफिल (ॲलर्जीत, जंतात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १४ टक्के. शेरा लिहिला होता "रूलो दिसतात", म्हणजे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटलेल्या. रक्तात प्रोटीन दाट झालं की पेशींमधलं एकमेकींना दूर ठेवणारं बळ कमी पडतं आणि त्या अशा थप्प्या लावतात, ईएसआर वाढतो तोही यानंच.

सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस पाठवलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, सीरमचा थेंब जेलवर ठेवून करंट सोडतात, प्रोटीनं आपापल्या वेगानं पळतात, अल्ब्युमिन सगळ्यात पुढे ठसठशीत पट्टा होऊन बसतं आणि अँटीबॉडी सगळ्यात मागे, गॅमा भागात, पुसटशा रेंगाळतात. त्याचा ग्राफ काढला की नॉर्मल माणसात अल्ब्युमिनचं उंच टोक आणि मागे गॅमाची बुटकी टेकडी. आण्णांच्या ग्राफमध्ये गॅमाचा भाग आमच्या दंडोबाच्या डोंगरासारखा, रुंद, पसरट, भरभक्कम, गॅमा एकटं ३.२ ग्रॅम. लॅबनं लिहून दिलं, पॉलिक्लोनल हायपरगॅमाग्लोब्युलिनेमिया, एम बँड (एकाच बी-सेलच्या वंशातल्या अँटीबॉडीची धारदार रेघ) दिसत नाही. पॉलिक्लोनल म्हणजे हजारो वेगवेगळ्या बी-सेल कुटुंबांनी एकाच वेळी उत्पादन वाढवलंय, सगळ्यांचा माल थोडा वेगळा, म्हणून डोंगर रुंद.

पण त्या डोंगराच्या उजव्या खांद्यावर एक बारीकसा उंचवटा होता. दंडोबावर देवळाचा कळस लांबून दिसतो ना, तसा. मी आमच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टना फोटो पाठवला, ते म्हणाले, "मॅडम, छापायच्या शाईचा दोष असेल किंवा खरंच काहीतरी असेल, इम्युनोफिक्सेशन करा, बोलून उपयोग नाही." केलं. ती जेल मी स्वतः जाऊन बघितली. जी, ए, एम या अँटीबॉडीच्या जाती आणि कॅप्पा, लॅम्डा हे तिच्या लाइट चेनचे (हलक्या साखळीचे) दोन प्रकार, अशा शेजारी शेजारी पट्ट्या, जीच्या पट्टीत बोटानं बुक्का फासल्यासारखा गडद धूसर डाग, आणि त्या डागाच्या आत नखानं ओढल्यासारखी एक तलम, धारदार आडवी रेघ. बरोबर त्याच उंचीवर कॅप्पाच्या पट्टीतही तशीच रेघ. लॅम्डात नाही. म्हणजे आयजीजी कॅप्पा, मोनोक्लोनल, एकाच कुटुंबाचा एकसारखा माल, मोजून ०.७ ग्रॅम. डोंगराच्या आडोशानं कळस लपला होता, पहिल्या रिपोर्टची चूक म्हणावी इतकी मोठी नव्हती पण तिथंच थांबलो असतो तर सापडला नसता.

बाकी आकडे सांगून टाकते. आयजीजी २९०० मिलिग्रॅम (वरची मर्यादा साधारण १६००), आयजीए ५२०, आयजीएम ११० म्हणजे नॉर्मल, आयजीई (ॲलर्जीतली अँटीबॉडी) ३४०० युनिट, जे १०० च्या आसपास संपायला हवं. फ्री (सुट्या) लाइट चेन कॅप्पा ४८, लॅम्डा २५, रेशो १.९२. नॉर्मल रेशो ०.२६ ते १.६५, म्हणजे किंचित बाहेर. हिमोग्लोबिन १२.६, कॅल्शियम ९.४, क्रिएटिनिन १.०.

आपल्याकडे आयजीई आणि इओसिनोफिल वाढलेले दिसले की आधी जंत धरायचे, शेतात अनवाणी वावरणारा माणूस आहे. स्टूल तपासली, काही नाही आलं तरी अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन दिलं, सहा आठवड्यांनी परत तपासलं, आयजीई जागचा हलला नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह (हे तिन्ही गॅमाचा डोंगर उभा करू शकतात), एएनए निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे साफ. दुसरं कारण सापडेना, तेव्हा बोट फिरून लिम्फोमाकडेच आलं.

तोपर्यंत मुलानं मोबाइलवर एम बँड शोधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच दारात. "मॅडम, एम बँड म्हंजे मायलोमा ना? म्हंजे आण्णांना दोन-दोन कॅन्सर?" आणि त्यात आण्णांची पाठ दुखत होती, चार महिने, वाकून काम करून करून. एम बँड आणि पाठदुखी एका वाक्यात आली की माझ्याही पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू. मायलोमा हा प्लाझ्मा सेलचा कॅन्सर, त्यात हाडं पोखरतात, कॅल्शियम वाढतं, किडनी बसते, रक्त कमी होतं. रक्ताचे आकडे तर चांगले होते, राहिली हाडं. स्टेजिंगसाठी पेट-सीटी करायचाच होता, त्यात हाडं बघून घेतली, मणक्यांची वयानं झालेली झीज, पोखरलेलं कुठंच नाही. बोन मॅरो केला, प्लाझ्मा सेल ५ टक्के, लिम्फोमा नाही. एम प्रोटीन ३ ग्रॅमच्या आत, मॅरोत प्लाझ्मा सेल १० टक्क्यांच्या आत, आणि शरीराला कुठं इजा नाही, या तीन अटी बसल्या की त्याला एमगस म्हणतात, अर्थ अजून ठरलेला नाही असा मोनोक्लोनल प्रकार. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइलनी १९७८ मध्ये हे नाव दिलं, आणि मला ते नाव आवडतं कारण त्यात प्रामाणिकपणा आहे, आम्हाला माहीत नाही हे नावातच कबूल केलंय.

मुलाला मी सांगितलं ते असं. तुमच्या बागेत वेलीवर डाऊनी रोग आलाय, त्याचं औषध चाललंय. बांधावर एक वेगळंच झुडूप उगवलेलं दिसलंय. ते विषारी होईलच असं नाही, बहुतेक तसंच राहतं, पण दर हंगामाला नजर टाकायची. तो म्हणाला, "मग उपटून का न्हाई टाकायचं?" प्रश्न एकदम बरोबर होता. कारण उपटायची औषधं वेलीलाही झोडपतात, आणि आण्णांची इम्युनिटी आधीच लिम्फोमानं पोखरलेली, इथं विनाकारण केमो दिली तर कॅन्सरआधी इन्फेक्शननंच माणूस हातचा जायचा.

हे इन्फेक्शनचं कोडं नातेवाइकांना हमखास पडतं, अँटीबॉडी दुप्पट आहेत म्हणजे प्रतिकारशक्ती दणकट असणार ना? उलट आहे. हा ढीग हुकूम नसताना छापलेल्या नोटांसारखा, संख्या आहे पण बाजारात चालेल याची खात्री नाही. पुढच्या स्टेजच्या टी-सेल स्किन लिम्फोमात पेशंट जातात त्यात इन्फेक्शनचा, खास करून स्टॅफिलोकोकस या कातडीवरच्या जंतूचा वाटा फार मोठा असतो.

आता मूळ प्रश्न, ढीग लावला कुणी. सीडी४ टी-सेलचं रोजचं काम काय, तर बी-सेलला हुकूम देणं. हेल्पर म्हणतात ते त्यासाठीच. मग हेल्पर सेलचाच कॅन्सर झाला तर ती हेल्परगिरी विसरते का? हा प्रश्न अमेरिकेत नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ब्रोडर, एडेलसन, वाल्डमन यांच्या टीमनं १९७६ मध्ये तपासला होता. त्यांनी सेझारी सिंड्रोमच्या पेशंटच्या रक्तातल्या कॅन्सरच्या टी-सेल घेतल्या, त्या निरोगी माणसाच्या बी-सेलसोबत ठेवल्या, पोकवीड नावाच्या झाडापासून काढलेलं एक चेतवणारं द्रव्य घातलं आणि अँटीबॉडी किती बनते ते मोजलं. टी-सेलची मदत नसताना बी-सेल जवळजवळ गप्प, आणि कॅन्सरच्या टी-सेल सोबत दिल्या की कामाला लागल्या. म्हणजे पेशी बिघडलेली असली तरी मुकादमाचा आवाज तिच्यात शिल्लक होता. माझ्या मते या आजाराबद्दलच्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी हा एक आहे, आणि आम्हाला शिकवताना याचा उल्लेख एका ओळीत उरकला होता.

पुढे कळलं की आजार वाढेल तशा या पेशी टीएच-टू (ॲलर्जीच्या) वळणाच्या होतात, इंटरल्युकिन ४, ५, १३ (पेशींमधले निरोप) सोडतात. चार आणि तेरा बी-सेलला आयजीई बनवायला लावतात, पाच नंबर इओसिनोफिल ओढून आणतो. आण्णांचा ३४०० आणि १४ टक्के एका झटक्यात समजतात ते इथं. (याचमुळे हे पेशंट हुबेहूब एक्झिमावाले दिसतात, आणि याचमुळे एक्झिमा समजून डुपिलुमॅब (एक्झिमाचं इंजेक्शन) दिलेल्या काही पेशंटमध्ये नंतर खरा लिम्फोमा उघडा पडल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या वयात नव्यानं "ॲटोपिक" झालेला माणूस आला की सुई द्यायच्या आधी बायॉप्सी, हे मी आता हट्टानं करते.) त्यात भर कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसची. फुटलेल्या कातडीत तो ठाण मांडतो, त्याची टॉक्सिनं टी-सेलना अजून भडकवतात, आणि जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनत राहतात ते वेगळंच. टी-सेलच्या दुसऱ्या एका लिम्फोमात, अँजिओइम्युनोब्लास्टिक नावाच्या, हा गॅमाचा डोंगर तर आजाराच्या ओळखीचाच भाग धरतात, कारण तिथं बिघडलेली पेशी बी-सेलला मदत करायच्या खास जातीचीच असते, फॉलिक्युलर हेल्पर.

डोंगर समजला. कळसाचं काय?

इथं मी जरा जपून बोलते. सरळ उत्तर असं की आजाराच्या टी-सेल वर्षानुवर्षं बी-सेलना ढोसत राहिल्या, हजारो कुटुंबं वाढत राहिली, त्यातल्या एकाला कधीतरी जनुकात चूक होऊन जास्तीचा जोर मिळाला आणि ते बाकीच्यांच्या पुढे गेलं. ऐकायला पटतं. मायकोसिस फंगॉइडिस आणि सेझारीच्या पेशंटमध्ये मोनोक्लोनल बँड सापडल्याचे, क्वचित पुढे मायलोमा झाल्याचेही रिपोर्ट अनेक दशकांपासून छापले गेलेत. पण दुसरं उत्तरही तितकंच समोर आहे, वय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड काउंटीत काइल यांच्या टीमनं लोकांची सरसकट तपासणी केली, २००६ मध्ये छापून आलं, तिथं पन्नाशीच्या पुढच्या ३.२ टक्के आणि सत्तरीच्या पुढच्या ५.३ टक्के लोकांत एमगस निघालं. म्हणजे कातडीला काहीही न झालेल्या, बाकडावर बसून गप्पा मारणाऱ्या शंभर म्हाताऱ्यांतही तीन-पाच जणांकडे असा कळस असतोच, फक्त कुणी जेल चालवून बघत नाही. आमच्यासारख्यांनी लिम्फोमाच्या पेशंटची तपासणी जास्त केली म्हणून आम्हाला जास्त सापडतो, हेही शक्य आहे.

एकाच पेशंटवरून याचा निकाल लागत नाही, पण पुढे जे झालं ते मला बोलकं वाटलं म्हणून सांगते.

उपचार सुरू केले एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. यूव्हीबी आठवड्यातून तीनदा, तासगावहून एसटीनं येऊन-जाऊन. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, हप्त्यातून फक्त एकदा. हा "फक्त एकदा" मी तीन वेळा बोलते, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण ही गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं मरतात. आण्णांना वार लक्षात राहत नव्हता, शेवटी सुनेनं तोडगा काढला, गावच्या बाजारादिवशी रात्री जेवल्यावर, भाजीची पिशवी दिसली की गोळी. दोन दिवसांनी फॉलिक ॲसिड. आंघोळीला पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी. आणि पाठीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणत होते त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पूर्ण बंद, एकतर ती मेथोट्रेक्सेट अंगात साठवून ठेवते, दुसरं किडनीला मारते, आणि लाइट चेन असलेल्या माणसाच्या किडनीला आपण होऊन त्रास द्यायचा नसतो. या एका गोष्टीवरून आण्णा आणि माझं बऱ्यापैकी वाजलं. "मग पाठीला काय लावू, बुक्का?" असं म्हणाले.

ऑक्टोबर छाटणीत पाच आठवडे लाइटला आलेच नाहीत. अपेक्षितच होतं.

आठव्या महिन्यात कातडी ४० वरून १५ टक्क्यांवर, खाज गेली, झोप लागायला लागली. आयजीई ३४०० वरून ११००. इओसिनोफिल ४ टक्के. आयजीजी २९०० वरून १९५०. ग्लोब्युलिन ४.१, ईएसआर ४०. आणि एम बँड? ०.७ होता तो ०.६. मशीनच्या फरकाइतकाच. दोन्ही ग्राफ शेजारी धरले तर डोंगर बऱ्यापैकी उतरलेला आणि त्यामुळे कळस आता पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसायला लागलेला. ग्राफ बघून मुलगा घाबरला, "मॅडम ह्ये तर वाढलंय," कारण डोळ्याला तसंच दिसतं. आकडा दाखवून समजावावं लागलं. आण्णांनी मान पुढे करून बघितलं आणि म्हणाले, "डोंगर उतरलाय न्हवं? मग असू दे की कळस, देवळाचा हाय."

मला यातून दिसतं ते इतकंच. डोंगर लिम्फोमाच्या तालावर नाचत होता, कातडी शांत झाली तसा उतरला. कळस मात्र त्या तालावर नाही, निदान आता तरी नाही, सुरुवातीला कुणी ढोसलं असेलही पण आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे. त्यामुळे एकच ग्लोब्युलिनचा आकडा बघून "आजार सुधारला" किंवा "आजार वाढला" म्हणणं चुकीचं, दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात बसल्यात आणि दोघींचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. पॅथॉलॉजिस्ट मित्रानं लगेच टाचणी लावली. मेथोट्रेक्सेट बी-सेलनाही थोडा लगाम घालतं, आंघोळीच्या पाण्यानं स्टॅफ कमी झाला, मग डोंगर उतरला तो लिम्फोमा कमी झाल्यानं की या दोन गोष्टींमुळे? बरोबर आहे त्याचं. एका पेशंटमध्ये तीन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय वाटता येत नाही. फक्त तिन्ही गोष्टींनी डोंगर हलवला आणि कळस हलला नाही, एवढा फरक उरतोच.

पुढच्या धोक्याचं गणित मुलानं विचारलं. एमगसचा मायलोमा वगैरे होण्याचं प्रमाण सरासरी वर्षाला एक टक्का. मेयोच्या पद्धतीत तीन गोष्टी बघतात, बँड दीड ग्रॅम किंवा जास्त आहे का, आयजीजी सोडून दुसरा आहे का, लाइट चेनचा रेशो बिघडलाय का. आण्णांचा बँड लहान, जात आयजीजी, रेशो तेवढा बिघडलेला. एक गोष्ट बिघडलेली असेल तर वीस वर्षांत साधारण २१ टक्के. पण हा हिशोब सर्वसाधारण लोकांवरून काढलेला, ज्याच्या अंगात टी-सेल लिम्फोमा बी-सेलना रोज हुकूम सोडतोय त्याला तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही, म्हणून वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासायचं ठरवलं. शिवाय ६३ वर्षांच्या, लिम्फोमा असलेल्या माणसाला वीस वर्षांचा आकडा सांगताना मला स्वतःलाच थोडं ओशाळल्यासारखं झालं.

फवारणीचं म्हणाल तर तो प्रश्न घरात अजून धुमसतोय, मुलगा अजून अधूनमधून विचारतो की औषधांमुळंच झालं का. कीटकनाशकांमुळे हा लिम्फोमा होतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. मास्क, हातमोजे वापरा हे मी सांगतेच, पण बापाच्या आजाराचं ओझं मुलानं स्वतःच्या पंपावर घेऊ नये म्हणून तेवढंच सांगून थांबते.

गेल्या महिन्यात, म्हणजे उपचार सुरू होऊन एकोणिसाव्या महिन्यात, डाव्या मांडीवर सुपारीएवढी एक गाठ आली, वर थोडी फुटलेली. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये गाठ आली की स्टेज बदलते, आणि पेशी मोठ्या होऊन चाल पालटतात का ते बघावं लागतं. तुकडा काढला, मोठ्या पेशी नाहीत, पण गाठ ती गाठच, त्यामुळे आता टू-बी. रक्तही सोबत पाठवलं. आयजीई परत २३००, आयजीजी २४००, डोंगर चढायला लागलाय. एम बँड ०.७. कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन ठीक. गाठीला रेडिएशन द्यायचं, ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून मेथोट्रेक्सेटच्या जागी इंटरफेरॉन घ्यायचं की दुसरं काही ते ठरवायचं, तारीख पुढच्या बुधवारची दिली होती. मुलाचा फोन आला, बुधवारी बागेत डिपिंगला (द्राक्षाचे घड औषधात बुडवायला) माणसं सांगितलीत, गुरुवार चालेल का. गुरुवार दिलाय.